वॉकीटॉकी, ताई आणि १९३३ सालचा कायदा

मागच्या महिन्यात एका शनिवारी रात्री साडेदहाला रत्नागिरीहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण, दातांची डॉक्टर. माळनाक्याजवळ तिचा दवाखाना आहे. खाली रिसेप्शन आणि एक्सरे, वर दोन खुर्च्या, मागच्या बाजूला उपकरणं निर्जंतुक करायची खोली. घर जुनं, भिंती जांभ्याच्या, दीड-दीड फूट जाड. वरून खाली हाक मारली तर खालच्या मुलीला ऐकू जात नाही, पण खुर्चीतल्या पेशंटचा जीव मात्र दचकून टाळूला लागतो. मोबाइल वापरून बघितला. हातात ग्लोव्हज, आणि मुलींना एकदा मोबाइल दिला की तो फक्त कामापुरता राहत नाही, असं ताईचं निरीक्षण.

"तू कॉम्प्युटरवाला ना, मग वॉकीटॉकी कुठले घ्यायचे ते सांग."

आमच्या घराण्यात इंजिनियर माणसाकडे मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळी खाती असतात, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. दहा मिनिटांचं काम म्हणून बसलो आणि तीन वीकेंड गेले. कारण ताईने पुढचं वाक्य जरा उशिरा उच्चारलं.

"म्हणजे चार संच ऑनलाइन मागवलेत मी. छान आहेत. पण परवा त्यातून मासेमारीवाले बोलायला लागले."

झालं असं होतं. संचावर 'स्कॅन' नावाचं बटण. रिसेप्शनवरच्या मुलीने ते दाबलं. आकडे भराभर पळत एका जागी थांबले आणि त्यातून दोन बोटींवरच्या माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं. मुलींना गंमत वाटली. स्वच्छ आवाज येणारं चॅनेल सापडलं म्हणून त्यांनी चारही संच तिथेच लावून टाकले आणि दोन दिवस दवाखाना त्याच्यावर चालवला. मी आकडा विचारला. ताईने संच हातात घेऊन वाचला, १५६.८००.

मी खुर्चीत सरळ बसलो. १५६.८ मेगाहर्ट्झ म्हणजे सागरी व्हीएचएफचं चॅनेल १६. जगातल्या कुठल्याही समुद्रात बोट संकटात सापडली की पहिली हाक इथे मारायची असते.

आता थोडा इतिहास, कारण तीन वीकेंड त्यातच गेले.

रत्नागिरी हे गाव इंग्रजांनी माणसं गप्प बसवायला वापरलं, असं माझं मत आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८५ मध्ये पदच्युत केलं, आणि पुढच्याच वर्षी इथे आणून ठेवलं. तो १९१६ मध्ये इथेच वारला. सावरकरांना १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध केलं. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. (पूर्ण कोकण रेल्वे यायला १९९८ साल उजाडलं.) इथे बोललेलं बाहेर ऐकू जाणार नाही, हाच या जागेचा गुण. टिळकांचा जन्म याच गावातला, हा काळाने केलेला विनोद समजायचा.

या किनाऱ्याचा सगळा व्यवहार आगबोटीवर. चाकरमानी मुंबईहून यायचा तो बोटीने, मनीऑर्डर यायची ती बोटीने. १९२७ या एका वर्षाकडे बघा. त्या वर्षी जुलैत मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी पुण्याजवळ खडकीला मार्कोनी पद्धतीचं बीम वायरलेसचं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं, संदेश घेणारं केंद्र दौंडला. खडकीहून थेट इंग्लंडशी बोलणं चालू झालं. आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला वादळात 'तुकाराम' आणि 'जयंती' अशा दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या.

म्हटलं, ठीक आहे, तंत्रज्ञान नवीन होतं, सगळीकडे पोचायला वेळ लागतो. मग 'रामदास' समोर आली, आणि ते समर्थन तिथेच संपलं.

१७ जुलै १९४७. गटारी अमावास्येचा दिवस. 'रामदास' सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. थोड्याच वेळात काशाच्या खडकाजवळ लाटेने कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. मला माहीत नव्हती ती पुढची गोष्ट. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबई बंदराच्या तोंडाशी एवढी मोठी दुर्घटना घडली आणि मुंबईला ती कळली संध्याकाळी, पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. मधल्या काळात जी माणसं वाचली त्यातली बरीचशी रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून वाचवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत! खडकी-इंग्लंड बोलणं सुरू होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. देशाचं स्वातंत्र्य एकोणतीस दिवसांवर होतं.

का नव्हता वायरलेस? एक कारण अर्थात पैसा. छोट्या पल्ल्याच्या बोटीवर यंत्र आणि ते चालवणारा माणूस कोण ठेवणार? पण दुसरीही गोष्ट होती. आपल्याकडे वायरलेस हा प्रकार आधी पोलिसांच्या नजरेतून पाहिला गेला, सोयीचा विचार फार नंतर आला. १८८५ च्या तार कायद्याने तारयंत्रणा चालवण्याचा हक्क सरकारकडे ठेवला. मग १९३३ चा भारतीय बिनतारी तार कायदा आला. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, म्हणजे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. आजोबांच्या कपाटात रेडिओच्या लायसनचं पुस्तक होतं, पोस्टाच्या शिक्क्यांनी भरलेलं. गाणी ऐकायला परवाना कशाला, हे मला लहानपणी कळायचं नाही. तो याच वंशावळीतला. ती परवानापद्धत १९८० च्या दशकात गेली.

कायद्याला भीती कसली होती, हे १९४२ मध्ये दिसलं. महायुद्ध सुरू झालं तेव्हाच हौशी वायरलेसवाल्यांचे परवाने सरकारने काढून घेतले होते. तरी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालू केला. ४२.३४ मीटरवर. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या. जागा सतत बदलायच्या, कारण पोलिसांच्या गाड्या लहरींची दिशा शोधत फिरत. तीन महिनेसुद्धा चाललं नाही, १२ नोव्हेंबरला धाड पडली. ज्या नरिमन प्रिंटरने ट्रान्समीटर जुळवला होता तोच पोलिसांना फुटला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

ही गोष्ट वाचताना आपण अर्थातच उषाताईंच्या बाजूने असतो आणि १९३३ चा कायदा खलनायक वाटतो. मलाही वाटला. म्हणून दुसऱ्या शनिवारी ताईला फोनवर जरा जोशात सांगितलं, "अगं, परवाना वगैरे इंग्रजांची कटकट आहे. कोण बघतंय?"

ती म्हणाली, "अरे, माझ्याकडे जी असिस्टंट आहे ना, तिचे वडील तांडेल आहेत. मिरकरवाड्याला. ती बघतेय."

मग मला माझंच फिजिक्स आठवावं लागलं. वॉकीटॉकीचं तंत्र हे युद्धातलं अपत्य. १९४३ मध्ये मोटोरोलाने अमेरिकन सैन्यासाठी पाठीवर घ्यायचा एससीआर-३०० हा एफएम संच आणला, आणि 'वॉकीटॉकी' हे नाव घरोघर झालं. एकाने बटण दाबून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. (आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी, तो एक म्युटेक्स आहे, पण ज्याला कोणीही न विचारता कुलूप लावू शकतो असा.) एफएमची एक खोड आहे. दोन आवाज एकाच वारंवारितेवर आले तर घेणारा संच त्यांची खिचडी करत नाही. जो जोरात येतो तो घेतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. आता चित्र बघा. माळनाका उंचावर. तिथून वरच्या मजल्याच्या खिडकीतला पाच वॉटचा संच. बंदर दोन-चार किलोमीटरवर. आणि क्षितिजापाशी, अँटेना वाकलेली, बॅटरी उतरलेली एखादी बोट. बंदरातल्या माणसाच्या कानावर काय पडेल? "दोन नंबरला कापूस आण गं."

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा रत्नागिरीच्या कितीतरी बोटी समुद्रात होत्या. सगळ्या परत आल्या नाहीत. (तारीख बघितलीत? १९२७ चीच. योगायोगच, पण मला ते वाचून बरं वाटलं नाही.) ताईच्या असिस्टंटच्या घरी ती रात्र अजून बोलली जाते. ती तेव्हा पहिलीत होती. वडील दोन दिवसांनी परत आले, जयगडला आसरा घेतला होता. त्या दोन दिवसांत शेजारच्या बोटीवरच्या वायरलेसवर कोणीतरी त्यांचा आवाज ऐकला होता, एवढ्या एका निरोपावर घर जागं राहिलं.

मोबाइल आहेत की आता, असं म्हणायची सोय नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे वीज गेली आणि तिच्यामागोमाग फोन. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणही असंच मुकं झालं होतं.

मी ताईला तसाच फोन करून सांगितलं की ते चारही संच बंद करून पेटीत टाक, उद्या नाही, आत्ता. आणि कालच्या माझ्या वाक्याबद्दल विसर.

आता मूळ प्रश्न, घ्यायचे कुठले. तो भाग तसा छोटा आहे. २०१८ च्या नियमांनी आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या संचांसाठी परवानामुक्त केला. हे संच साधारण अर्ध्या वॉटचे असतात. शहरभर ऐकू जाण्याची त्यांची पात्रताच नाही, आणि दवाखान्याला तेच हवं. लहर सुमारे ६७ सेंटिमीटरची, दारा-खिडक्यांतून आणि जिन्यातून बऱ्यापैकी वाट काढते. जांभ्याच्या भिंतीत किती दम तोडते ते जागेवर बघावं लागतं. संचाला सरकारची उपकरण-मान्यता, ज्याला ईटीए म्हणतात, ती असली पाहिजे. परवाना नको म्हणजे मान्यताही नको असं नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर दुसऱ्या पट्ट्यात जाता येईल असं बटणच नको. जो संच १३६ पासून १७४ पर्यंत आणि ४०० पासून पुढे कुठेही बोलतो, तो हौशी परवानाधारकाच्या हातात ठीक, दवाखान्यात नाही. असे संच विकताना ही माहितीच न देण्याचा प्रकार इतका बोकाळला की २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण लहरी वापरण्यावर सरकारची परवानगी हे मूळ सूत्र त्यातही आहे. मला त्यात आता पूर्वीइतकं खटकत नाही. तरी उषाताईंचं प्रकरण वाचलं की पुन्हा खटकतं. असो.

बाकी ताईसाठी दोन गोष्टी सांगितल्या. कानात इअरपीस हवाच, नाहीतर खुर्चीतला माणूस आपल्या आधीच्या पेशंटचा हिशोब ऐकत बसेल. आणि हवेत कोणाचं नाव घ्यायचं नाही, खुर्चीचा नंबर सांगायचा, कारण या संचांवरचं बोलणं जवळपास कोणीही ऐकू शकतो. ग्लोव्हजचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. संच असिस्टंटच्या कमरेला, डॉक्टरने हात लावायचाच नाही, फक्त मान हलवायची. खर्च कमी करायचा तर एक साधी घंटा लाव, असंही मी सुचवलं होतं. एक टण् म्हणजे पुढचा पेशंट, दोन टण् म्हणजे ट्रे. त्यावर फोन ठेवला गेला.

गेल्या रविवारी रत्नागिरीला गेलो तेव्हा असिस्टंट आम्हाला मिरकरवाड्याला तिच्या वडिलांच्या बोटीवर घेऊन गेली. केबिनमध्ये डोक्याच्या वर पट्टीला बांधलेला व्हीएचएफ संच, मिठाने पांढरा झालेला, वरच्या कोपऱ्यात १६ हा आकडा. काका म्हणाले, हा बंद नाही करायचा, जेवतानाही नाही. ताईला काय बोलावं सुचेना. तिने कसंबसं विचारलं, "काका, आमच्या मुलींमुळे तुम्हाला त्रास नाही ना झाला?"

"झाला ना. मंगळवारी सकाळभर कोणाची तरी अक्कलदाढ चालली होती. आम्ही सगळे ऐकत होतो." काकांनी विडी विझवली. "मग निघाली काय ती?"