दिनविशेष : १५ ऑगस्ट – चमकी, बूम्बा आणि मद्रासचा पडदा

स्वातंत्र्यदिनीच, १९७५ साली, मद्रासचं (आजच्या चेन्नईचं) दूरदर्शन केंद्र सुरू झालं. ३१ वर्षांनी, १५ ऑगस्ट २००६ रोजी, चेन्नईसह देशभर केबलवर मुलांची मालिका ‘गली गली सिम सिम’ अवतरली. शाळेच्या गणवेशातली चमकी, भांगडा करणारा सिंह बूम्बा, प्रश्नांनी भंडावणारा गुगली. आणि शिंक आली की भलत्याच ठिकाणी पोहोचणारी आंचू! या बाहुल्यांनी अक्षरं, अंक, स्वच्छता शिकवली. शाळेत जायची चमकीची हौस तर मुलींसाठी फारच मोलाची.

या मालिकेचं मूळ अमेरिकेतलं. १० नोव्हेंबर १९६९ रोजी जोन गँझ कूनी आणि लॉइड मॉरिसेट यांचं ‘सेसमी स्ट्रीट’ तिथे झळकलं. बाहुल्या जिम हेन्सन यांच्या. ‘सेसमी स्ट्रीट’चा सर्वांत धीट भाग १९८३चा. दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे विल ली वारले होते. निर्मात्यांनी नवा नट आणला नाही की ‘गावाला गेले’ अशी थाप मारली नाही. भल्यामोठ्या पिवळ्या ‘बिग बर्ड’ला मोठ्यांनी सरळ सांगितलं: ते आता परत येणार नाहीत. मुलांना खरं सांगण्याचं हे धाडस आजही दुर्मीळच.

पुन्हा मद्रासकडे वळू: तमिळनाडूला बाहुल्यांचं अप्रूप नवं नाही. चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, ‘तोलपावैकूत्तू’, तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या मंडिकर कुटुंबांची घरची बोली मराठीच!