खुर्चीला कळणारे विमान

घरच्या संगणकापुढे बसून विमान चालविण्याचा छंद आता जगभर पसरला आहे. पडद्यावर धावपट्टी दिसते, कानांवर इंजिनाचा घोष पडतो, हातात दांडा असतो आणि पायांखाली सुकाणूच्या पट्ट्या असतात. तरीही या छंदिष्टांची एक जुनी तक्रार असे: सर्व काही आहे, पण खुर्ची मुकी आहे. म्हणून पुष्कळजण आता खुर्चीच्या बुडाशी एक थरथरणारे यंत्र बसवितात. चाके जमिनीला टेकली की आसन हादरते, वेग फार कमी झाला की ते कापू लागते. वरवर पाहता हे सारे खेळण्याचे लाड वाटतील. परंतु वैमानिकाच्या आसनाला काय कळावे, आणि त्याला जे कळते त्यातले किती खरे मानावे, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. आणि त्याच्या उत्तराशी अनेकांचे प्राण निगडित झालेले आहेत.

विमानविद्येच्या अगदी आरंभी, 1910 च्या सुमारास, फ्रान्समध्ये आंत्वानेत नावाच्या विमानाचे शिक्षण देण्यासाठी एक साधन तयार झाले. पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक रचून वरच्या भागात शिकाऊ वैमानिकाला बसवीत, आणि मदतनीस ते पिंप हातांनी हलवीत. शिकाऊ माणसाने चाके फिरवून आपला तोल सावरावयाचा. यंत्र कसले, पाळणाच तो! पण त्यामागची समजूत ध्यानात घेण्याजोगी आहे. उडणे ही शरीराने शिकावयाची गोष्ट आहे, घोड्यावर बसण्यासारखी, अशी त्या पिढीची श्रद्धा होती.

ही श्रद्धा ढगांत शिरल्यावर टिकली नाही. ढगात किंवा धुक्यात क्षितिज दिसेनासे झाले म्हणजे पट्टीचे वैमानिकही विमान गिरक्या घेत जमिनीवर आदळवीत, आणि क्षणापूर्वीपर्यंत त्यांना आपण सरळ चाललो आहोत असेच वाटत असे. या कोड्याचा उलगडा 1926 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील क्रिसी फील्डवर झाला. डॉ. डेव्हिड मायर्स यांनी विल्यम ऑकर या अनुभवी लष्करी वैमानिकाला डोळे झाकून फिरत्या खुर्चीत बसविले आणि खुर्ची कोणत्या दिशेने फिरते आहे ते सांगावयास लावले. ऑकर यांची उत्तरे चुकली. कारण असे की, आपल्या अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. फिरणे सुरू झाले की द्रव मागे रेंगाळतो आणि आपल्याला गती कळते. परंतु फिरणे एकसारखे चालू राहिले तर द्रवही बरोबरीने फिरू लागतो, आणि शरीर खुशाल सांगते की आपण स्थिर आहोत. मग फिरणे थांबले की तेच शरीर उलट दिशेला फिरत असल्याची ग्वाही देते. ऑकर यांनी वळण दाखविणारे एक उपकरण पेटीत घालून आणले, त्याच्याकडे पाहून उत्तरे दिली, आणि ती बरोबर आली.

यापुढे काट्यांवर विश्वास ठेवावा, अंगावर ठेवू नये, हा धडा ठरला. 24 सप्टेंबर 1929 रोजी जेम्स डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बैठक पूर्ण झाकून घेऊन, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडविले आणि उतरविले.

याच वर्षी बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक यांनी आपले शिक्षणयंत्र सिद्ध केले. लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. स्वतः वाजणारे पियानो आणि मोठे ऑर्गन यांत हवेचा दाब, पोकळी, भाते, झडपा आणि नळ्या यांचा खेळ असतो, आणि लिंक त्यातच वाढलेले होते. त्यांनी आखूड पंखांची एक पेटी केली, ती भात्यांवर बसविली, आणि पोकळी निर्माण करणारा विजेचा पंप जोडला. दांडा डावीकडे लोटला की एका भात्यातील हवा ओढली जाई, तो आकसे, आणि पेटी त्या बाजूला कले. मराठी संगीत नाटकांच्या रंगमंचावरील पायपेटी ज्यांनी उघडलेली पाहिली असेल, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. त्या जातीच्या ऑर्गनमध्येही भाता हवा आत ओढतो आणि त्या ओढीने सूर उमटतो. उडण्याची शाळा चर्चच्या आणि नाटकगृहाच्या वाद्यांतून जन्मास आली, ही यंत्रविद्येच्या इतिहासातील एक मोठी गोड गोष्ट आहे.

मात्र त्या वेळी लिंक यांचे यंत्र वैमानिकांनी मनावर घेतले नाही. ते जत्रांतून आणि करमणुकीच्या बागांतून खपले. 1934 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचे काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्कराकडे देण्यात आले. रात्री, हिमवादळात, उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले तरुण वैमानिक त्या कामावर गेले आणि काही आठवड्यांत सुमारे डझनभर मृत्युमुखी पडले. तेव्हा लष्कराने लिंक यांना नेवार्क विमानतळावर बोलावले. धुके इतके दाट होते की ते येणार नाहीत असे गृहीत धरून अधिकारी निघण्याच्या बेतात होते. इतक्यात लिंक धुक्यातून स्वतः विमान उतरवून हजर झाले. त्याच वर्षी लष्कराने प्रत्येकी 3,500 डॉलर देऊन सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी 10,000 हून अधिक यंत्रे तयार झाली.

येथे एक विसंगती लक्षात येईल. लिंक यांची पेटी हलत असे, कलत असे, खराब हवेचे हिसकेही देत असे. आणि तीत बसून शिकावयाचे काय, तर या हलण्याकडे दुर्लक्ष करून काट्यांकडे पाहणे! शरीराला साक्षीदार म्हणून बोलवावयाचे ते त्याची साक्ष खोटी ठरविण्यासाठी.

पण शरीराची प्रत्येक साक्ष खोटी नसते. विमानाचा वेग फार कमी झाला किंवा नाक फार वर गेले की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागाला चिकटून राहत नाही. ती सुटते, तिचे भोवरे होतात, आणि पंखाची उचलण्याची शक्ती झपाट्याने घटते. या अवस्थेस वैमानिक स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी तिचा संबंध नाही. ती येण्यापूर्वी सुटलेल्या हवेचे भोवरे शेपटीवर आदळू लागतात. सगळे विमान कापते, आणि जुन्या विमानांत तो कंप तारांमधून दांड्यापर्यंत, दांड्यातून तळहातापर्यंत येई. अंतःकर्ण कलण्याबद्दल फसवितो, परंतु हा कंप फसवीत नाही. ती हवेने दिलेली सूचना असते: नाक खाली कर, वेग घे. जमीन जवळ असताना नाक खाली करणे मनाला पटत नाही, आणि म्हणूनच ही सूचना अंगवळणी पडावी लागते.

महायुद्धानंतर विमाने मोठी झाली, जेट आली. त्यांची सुकाणू-फळकुटे माणसाच्या बळाने हलेनात. तेलाच्या दाबाने हलविण्याची योजना झाली. त्यायोगे हाताचे कष्ट वाचले, पण हाताला पोहोचणारी बातमीही तुटली. 1946 मध्ये लेनर्ड ग्रीन यांनी स्टॉलची पूर्वसूचना देणाऱ्या उपकरणांसाठी कंपनी काढली. पंखाच्या पुढील कडेवर बसविलेली लहानशी पात हवेच्या दिशेने वर उचलली गेली की इशारा होई. पुढे मोठ्या विमानांत केवळ आवाजावर न भागविता प्रत्यक्ष दांडाच हलविण्याची युक्ती आली. विजेच्या मोटारीच्या आसावर एका बाजूला जड असे वजन बसवावयाचे. मोटार फिरली की तोल नसल्याने ती थरथरते, आणि दांडा वैमानिकाच्या मुठीत खडखडतो. अनेक मोबाइल फोन खिशात थरथरतात ते याच तत्त्वावर. निसर्गाने दिलेला कंप यंत्राने काढून घेतला आणि दुसऱ्या यंत्राने तो परत आणून दिला, असा हा प्रकार झाला.

श्रोतेहो, कंप परत आला म्हणून सगळे झाले असे मात्र नव्हे. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री नेवार्कहून निघालेले — लिंक धुक्यात उतरले तेच नेवार्क — कोल्गन एअरचे उड्डाण 3407 बफेलोजवळ आले असता त्याचा वेग घटत गेला. दांडा खडखडला. कप्तानाने तो पुढे लोटण्याऐवजी मागे ओढला. दांडा आपोआप पुढे ढकलणारी दुसरी यंत्रणा सुरू झाली, तिच्याविरुद्धही तो ओढतच राहिला. विमानातील 49 आणि ज्या घरावर ते कोसळले त्यातील 1, असे 50 जण गेले. त्याच वर्षी 1 जून रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे उड्डाण 447 अटलांटिक महासागरात पडले. 228 जण गेले. त्या एअरबस विमानात दांडा थरथरविणारे यंत्र नव्हते. इशारा आवाजाने मिळे, आणि तो पुन्हा पुन्हा मिळाला. विमानही स्वतः कापत होते. तरी आपण स्टॉलमध्ये आहोत हे चालकांच्या ध्यानी आले नाही, असा फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष 2012 मध्ये निघाला.

दोष कंपाचा नव्हता. त्या काळी सिम्युलेटरमधील सराव बहुधा इशाऱ्याच्या पहिल्या खुणेपाशीच संपत असे. पूर्ण स्टॉलमधले विमान कसे कापते, कसे कलते, हे कित्येक वैमानिकांनी मोठ्या विमानात किंवा त्याच्या प्रतिकृतीत कधी अनुभवलेलेच नव्हते. कारण साधे होते: त्या अवस्थेची मोजमापे सिम्युलेटरमध्ये पुरेशी भरलेली नव्हती. अमेरिकेने 2010 मध्ये कायदा केला. 2013 च्या नियमाने विमान कंपन्यांना पूर्ण स्टॉलचा सराव आवश्यक केला. 2016 मध्ये सिम्युलेटरच्या कसोट्या त्यानुसार सुधारल्या, आणि कंपन्यांना मार्च 2019 पर्यंतची मुदत मिळाली. सर्वोच्च दर्जाच्या सिम्युलेटरची परीक्षा घेताना त्याचे कंपही तपासतात. चाके बाहेर काढली असता, पंखांच्या मागील झडपा उघडल्या असता, स्टॉल जवळ आला असता खऱ्या विमानात नोंदलेला कंप एका आलेखावर, सिम्युलेटरचा दुसऱ्यावर. दोन्हींची तुलना होते. कंप असणे पुरेसे नाही, तो योग्य कारणाचा आणि योग्य जातीचा असावा लागतो.

घरच्या खुर्चीकडे आता या दृष्टीने पाहता येते. 1980 च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांनी घरगुती संगणकावर चालणारे उड्डाण तयार केले, आणि 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांचेच काम आपल्या नावे बाजारात आणले. पडद्यावर काही रेघा हलत, एवढेच. हाताला प्रतिकार करणारे, थरथरणारे दांडे 1990 नंतरच्या दशकात घरोघर आले. आसनाखालील यंत्र याहून साधे आहे. ते एक प्रकारचे ध्वनिवर्धकच होय. फक्त त्यात हवा हलविणाऱ्या कागदी शंकूऐवजी लोखंडी वजन वरखाली होते आणि ते वजन खुर्चीच्या सांगाड्याला हादरविते. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. खुर्चीच्या पायांखाली रबरही घालावे लागते. नाहीतर विमान आपले आणि भूकंप खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा, असे होते.

त्याला संदेश देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा: खेळाच्या आवाजातील खर्जाचा भाग वेगळा काढून यंत्राकडे पाठवावयाचा. यात इंजिन घुमते, चाके गडगडतात. पण मेघगर्जनेनेही खुर्ची हादरते, आणि सहवैमानिकाचा आवाज जाड असला तर त्याच्या बोलण्यानेही! दुसरा मार्ग खटपटीचा, पण मोलाचा. विमानाचा वेग, हवेशी होणारा पंखाचा कोन, इंजिनाचे फेरे, चाकांची स्थिती हे आकडे संगणकाकडून सतत घेऊन त्यांवरून प्रत्येक कंप रचावयाचा. इंजिन मिनिटाला 2,400 फेरे घेत असेल तर सेकंदाला 40 हिसके, आणि पंख्याला दोन पाती असल्यास 80. धावपट्टीवरील सांधे 5 मीटरांवर असतील आणि विमान सेकंदाला 50 मीटर धावत असेल, तर सेकंदाला 10 धक्के. शाळेतील गणिताला अशी खुर्ची क्वचितच मिळते.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बसलेल्या माणसाचे शरीर वरखाली होणाऱ्या संथ कंपाला, सेकंदाला 4 ते 8 वेळा होणाऱ्या, सर्वांत अधिक संवेदनशील असते. ही यंत्रे बहुधा 20 च्या वरच नीट काम करतात. त्यामुळे मोठ्या विमानाचा जड, मंद हेलकावा त्यांना जमत नाही. त्यासाठी आसन प्रत्यक्ष हलविणारे मंच लागतात आणि त्यांचा खर्च मोठा असतो. आणखी एक अडचण छंदिष्टांच्या उत्साहातून येते. नवे यंत्र बसविले की इंजिनाचा घुमारा इतका वाढविण्याचा मोह होतो की थोड्या वेळाने अंग बधिर होते आणि त्या गर्दीत स्टॉलचा कंप हरवून जातो. म्हणून जाणकार मंडळी इंजिनाचा कंप अगदी मंद ठेवतात आणि पंखाच्या कोनावर आधारलेला कंप वेगळ्या, खरखरीत जातीचा रचतात. काहीजण त्याच्यासाठी पाठीमागे दुसरे यंत्र बसवितात. मग मंद वेगाने वळण घेताना नाक किंचित वर गेले की काट्याकडे डोळा जाण्यापूर्वीच पाठीला ते कळते, आणि दांडा धरलेला हात पुढे जातो.