मैदान दिलं, पण ऐकायला कोण येतं?

सीएसएमटीला उतरून महापालिकेच्या इमारतीसमोरून चालायला लागलं की आझाद मैदानाचा एक कोपरा लागतो. लोखंडी अडथळे, बाजूला पोलिसांची गाडी, आत दोन-चार मांडव. कधी अंगणवाडी सेविका बसलेल्या असतात, कधी विनाअनुदानित शाळांमधले शिक्षक. २०२१-२२ मध्ये एसटीचे कामगार कित्येक महिने इथंच होते. पलीकडे मुलं क्रिकेट खेळत असतात. ऑफिस गाठायच्या घाईत आपण बॅनर अर्धवट वाचतो आणि पुढे जातो.

हे लोक ज्यांना काही सांगायला आलेत ते मंत्रालय इथून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. तरी तिथं त्यांचा आवाज पोचत नाही. मुंबईत आंदोलन म्हणजे आझाद मैदान हे आपण इतकं गृहीत धरलंय की हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, असा प्रश्नही पडत नाही. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

सुरुवात याच परिसरातून करू. २१ नोव्हेंबर १९५५. संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेला मोर्चा विधिमंडळाकडे जात होता. बंदी होती, तरी लोक आले. फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि त्या दिवशी १५ जण गेले. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला आणि त्या जागेचं नाव हुतात्मा चौक झालं. आज तिथं आपण दर १ मेला हार घालतो. गंमत बघा, आजच्या नियमांनी तो मोर्चा बेकायदाच ठरला असता. ज्या राज्याचे नियम आपण पाळतो, ते राज्यच एका विनापरवानगी मोर्चाच्या खांद्यावर उभं आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या कलम १९ मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे आणि त्याला लागूनच शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. दोन्हींवर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालता येतात. सगळी भांडणं या ‘वाजवी’ शब्दावरच आहेत.

त्यातलं एक महत्त्वाचं भांडण अहमदाबादचं. तिथं रस्त्यावर सभा घ्यायची परवानगी पोलिसांनी नाकारली आणि हिंमतलाल शहा कोर्टात गेले. कायदा होता १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आपलाच. द्विभाषिक राज्य फुटल्यावर गुजरातकडेही तो राहिला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला. सभा कुठं, कधी, कशी घ्यायची याचं नियमन सरकार करू शकतं. पण सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचा हक्कच काढून घेता येणार नाही. परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम न्यायालयानं रद्द केला. नियमन चालेल, मर्जी चालणार नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग मुंबईत मोर्चे मैदानात कसे गेले? नरिमन पॉइंट-चर्चगेट भागातले रहिवासी १९९७ मध्ये उच्च न्यायालयात गेले. रोजचे मोर्चे, भोंगे, अडलेले रस्ते यांनी ते वैतागले होते. त्यानंतर दक्षिण मुंबईतल्या निदर्शनांसाठी आझाद मैदानाचा राखीव भाग हीच जागा ठरली.

इथं त्या रहिवाशांना ‘श्रीमंतांची नाटकं’ म्हणून उडवून लावणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्यांच्या दारात रोज भोंगा वाजतो त्यांनाही हक्क आहेत. अडकलेल्या अ‍ॅम्ब्युलन्समधल्या पेशंटला तुमची मागणी किती न्याय्य आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. जागा ठरवून देणं हे मुळात वाईट नाही.

वाईट काय होतं ते दिल्लीत दिसतं. ऑक्टोबर १९८८ मध्ये महेंद्रसिंह टिकैत यांच्यामागे लाखो शेतकरी बोट क्लबवर आले आणि आठवडाभर तिथंच राहिले. बैलं, चुली, हुक्के, सगळं संसदेच्या नजरेसमोर. पुढे १९९३ च्या सुमारास बोट क्लब बंद झाला आणि आंदोलनं जंतरमंतरला गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं आवाजाच्या कारणावरून जंतरमंतरही बंद केलं आणि रामलीला मैदानाकडे बोट दाखवलं. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरसकट बंदी चालणार नाही, नियम करा. २०२० मध्ये शाहीनबागच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की निदर्शनं नेमून दिलेल्या जागीच व्हावीत. दोन्ही निकाल एकाच देशाचे आहेत, आणि दोन्हींमध्ये तथ्य आहे. पण तीस वर्षांचा हिशोब मांडला तर आंदोलक सत्तेपासून एकेक पाऊल मागेच सरकत गेलेले दिसतात.

हे टोकाला गेलं की काय होतं, ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जगानं पाहिलं. चीन सरकारनं निदर्शनांसाठी तीन बागा जाहीर केल्या. अधिकृत आकड्यांनुसार ७७ अर्ज आले. मंजूर किती झाले? एकही नाही. बागा होत्या, हिरवळ होती, नियमही होते. बोलणारा तेवढा नव्हता.

आपल्याकडे उलटी गोष्ट घडते. बोलायला मिळतं, ऐकणारा सापडत नाही. त्याची सगळ्यात मोठी किंमत नागपूरनं पाहिली आहे. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा पोलिसांनी अडवला. लोक दिवसभर थांबले, कोणीतरी मंत्री येईल, निवेदन घेईल म्हणून. कोणी आलं नाही. संध्याकाळी लाठीमार, चेंगराचेंगरी, आणि ११४ जणांचा मृत्यू. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. तो मोर्चा अडवायला पोलीस होते, अडथळे होते. बाहेर येऊन एक कागद हातात घेणारा माणूस तेवढा नव्हता.

याच्या शेजारी मार्च २०१८ ठेवून बघा. नाशिकहून हजारो शेतकरी, त्यात आदिवासी मोठ्या संख्येनं, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आले. दहावीची परीक्षा सुरू होती. पोरांचे पेपर बुडू नयेत म्हणून सायनच्या सोमय्या मैदानातून ते रातोरात निघाले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोचले. फाटलेल्या चपला, रक्ताळलेले पाय. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन धावले. शिष्टमंडळाला चर्चेला बोलावलं गेलं आणि बहुतेक मागण्या मान्य असल्याचं लेखी मिळालं. अर्थात लेखी मिळालं म्हणजे पदरात पडलं असं नाही. २०१९ आणि २०२३ मध्ये त्यांना पुन्हा चालायला निघावं लागलं.

अगदी अलीकडचं म्हणजे ऑगस्ट २०२५. मनोज जरांगे यांच्या उपोषणाला परवानगी होती ५,००० माणसांची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. लोक कितीतरी पट आले, सीएसएमटी परिसर ठप्प झाला आणि उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करा असं बजावावं लागलं. पाचव्या दिवशी मंत्री मैदानात आले, शासन निर्णय आला, उपोषण सुटलं. त्या मागणीबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, त्या कोपऱ्यात रोज बसणाऱ्यानं यातून काय शिकायचं? नियम पाळून ५० जण बसलात तर कोणी फिरकत नाही, शहर अडवलंत की मंत्री येतात. हा धडा आंदोलकांनी शोधून काढलेला नाही, सरकारांनी वर्षानुवर्षं शिकवलेला आहे.

म्हणून मला वाटतं, मैदानाच्या नियमावलीत एक बाजू राहून गेली आहे. आंदोलकांनी किती वाजता उठायचं, किती माणसं आणायची, भोंगा किती मोठा लावायचा, हे सगळं लिहिलंय. मग हेही लिहा ना, की परवानगी घेऊन बसलेल्या माणसाला अमुक दिवसांत संबंधित खात्याचा जबाबदार अधिकारी मैदानात येऊन भेटेल, निवेदन घेईल आणि लेखी उत्तर देईल. मागणी मान्य करा असं नाही. नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणा. पण समोर येऊन म्हणा.

पुढच्या वेळी त्या कोपऱ्यावरून जाताना दोन मिनिटं थांबा, बॅनर पूर्ण वाचा आणि आत बसलेल्यांना एवढंच विचारा, ‘कोणी येऊन गेलं का?’ उत्तर इथं कमेंटमध्ये टाका.