नाव आणि शुश्रूषा

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिला वाद त्याच्या नावावरून होतो. मुलांना एक नाव हवे असते, आजीला दुसरे. आणि जुना कुत्रा ओसरीवर आजारी पडून असेल, तर त्याच्या देखत नव्या पिल्लाला हाक मारणेही कुणाला अवघड वाटते. गोष्ट घरगुती खरी. परंतु तिच्यामागे फार जुना इतिहास आहे, आणि त्या इतिहासात नाव देणे व शुश्रूषा करणे ही दोन कृत्ये वारंवार एकमेकांच्या जवळ येतात.

पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, परमेश्वर पशुपक्ष्यांना माणसापुढे आणतो आणि माणूस त्यांना नावे देतो. या प्रसंगाचा अर्थ पुष्कळदा केवळ मानवाचे स्वामित्व असा लावला जातो. तथापि त्याच अध्यायात थोडे आधी देवाने माणसाला बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी ठेवले आहे. नाव देणारा हा आधी राखणदार आहे; हा क्रम नजरेआड करून चालणार नाही.

कुत्र्यांच्या नावांचा विचार ग्रीकांनी बारकाईने केला होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील झेनोफन याने शिकारीवरील आपल्या ग्रंथात हाक मारण्यास सोपी म्हणून नावे आखूड असावीत असा सल्ला दिला आणि ४० हून अधिक नावांची यादीच जोडली. तीत 'सायकी' म्हणजे आत्मा आहे, 'फिलॅक्स' म्हणजे रखवालदार आहे. आपल्याकडील 'वाघ्या' आणि 'मोती' यांचे हे दूरचे भाऊबंदच म्हणावयाचे. 'मोती' तर अक्षरशः! लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दुसऱ्या शतकातील एक रोमन शिलालेख आहे. तो 'मार्गारीटा' नावाच्या शिकारी कुत्रीच्या स्मरणार्थ कोरलेला आहे, आणि मार्गारीटा या शब्दाचा अर्थच मोती असा आहे. पिल्ले प्रसवताना ती दगावली. धनी आणि धनिणीच्या मांडीवर ती निजत असे, हेही त्या दगडावर नोंदविलेले आहे.

याहून हृदयस्पर्शी लेख इटलीतील सालेर्नो येथील आहे. पात्रिके नावाच्या लहानशा कुत्रीला तिचा धनी रडत रडत उचलून थडग्याकडे नेतो आणि म्हणतो की, पंधरा वर्षांपूर्वीही आपण तिला असेच उचलून नेले होते. पण त्या वेळी मन आनंदात होते. पिल्लू घरी आणण्याचा दिवस आणि त्याला निरोप देण्याचा दिवस यांचे नाते इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितले असेल.

ख्रिस्ती परंपरेतील कुत्रे बहुधा निनावी आहेत. कॅथोलिक बायबलात असलेल्या तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया राफाएल देवदूतासह प्रवासाला निघतो, तेव्हा घरचा कुत्राही त्यांच्या मागोमाग चालू लागतो. राफाएल म्हणजे 'देव बरे करतो'. आंधळ्या पित्याला दृष्टी देणारे औषध घेऊन तोबिया परततो, तेव्हाही तो कुत्रा सोबत आहे. चौदाव्या शतकातील संत रॉक प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतः आजारी पडले, आणि पिआचेंझाजवळच्या रानात एका कुत्र्याने त्यांना भाकरी आणून जगविले, असे परंपरा सांगते. येथे आजारी माणूस आहे आणि सेवा करणारा कुत्रा. आपण आज आजारी कुत्र्याच्या तोंडाशी वाटी धरतो, ती त्याच उपकाराची फेड नव्हे काय?

मात्र प्रेमालाही मर्यादा असते. तेराव्या शतकात फ्रान्समधील लिआँजवळच्या शेतकऱ्यांनी गिनफोर नावाच्या कुत्र्याला संत मानले होते. बाळावर आलेला साप त्याने मारला, पण रक्त पाहून धन्याने त्यालाच ठार केले, अशी त्याची कथा. पंचतंत्रातील मुंगसाची आठवण यावी अशीच. आया आपली आजारी बाळे तेथे नेत. एतिएन द बुर्बाँ या डॉमिनिकन धर्मगुरूने ती हाडे उकरून जाळविली. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही दोन्ही बाजू सांगतो: प्राण्यांना ममतेने वागवावे, त्यांना विनाकारण यातना देऊ नयेत, पण माणसाच्या दुःखावर प्रथम खर्च व्हावयाचा पैसा त्यांच्यावर उधळू नये आणि केवळ माणसालाच देय असलेली माया त्यांना देऊ नये. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबापुढे हा प्रश्न खरोखर उभा राहतो. मुलाची फी भरावी की कुत्र्याचे औषध आणावे?

या प्रश्नाला इतिहासानेच काहीसे उत्तर दिले आहे. पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय लिआँ येथेच १७६१ साली स्थापन झाले. आपल्या मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ साली आणि पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली उभे राहिले. १९०५ मध्ये आँरी कारे यांनी डिस्टेंपर हा रोग विषाणूमुळे होतो हे दाखविले, आणि १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये लेडलॉ व डंकिन यांनी त्याची लस तयार केली. या रोगाच्या विषाणूवर रामबाण औषध आजही नाही. पाणी, ऊब, स्वच्छता आणि रात्रीचे जागरण हाच मुख्य उपचार. पिल्लाला मात्र वेळेवर टोचून घ्यावे आणि आजाऱ्यापासून दूर ठेवावे. म्हणजे जे सर्वांत आवश्यक आहे, ते गरिबाच्या घरीही बव्हंशी देता येते.

म्हणून नव्या पिल्लाला जुन्याचेच नाव द्यावे की वेगळे, याला मी दुय्यम महत्त्व देतो. नाव हे वचन आहे. ज्याला ते दिले, त्याला आनंदाने उंबऱ्याच्या आत आणावयाचे आणि वेळ आली की डोळे पुसत उचलून बाहेर न्यावयाचे. सालेर्नोच्या त्या रोमन गृहस्थाने या दोन्ही खेपा केल्या. ओसरीवरचा आजारी सोबती जोवर श्वास घेत आहे, तोवर त्याच्या नावाने त्याला हाक मारीत राहणे, हीच नव्या पिल्लाला नाव देण्याची खरी तयारी होय.