रंगाच्या नळीची जन्मकथा

इतिहासाच्या व्याख्यानासाठी आम्ही कथलाची एक नळी निवडली आहे, हे ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावतील. लढाया, तह आणि राज्यारोहणे ऐकण्याची सवय झालेल्या मंडळींना त्यात नवल वाटणे साहजिकच आहे. परंतु रोज सकाळी दात घासताना जी नळी आपण झोपेच्या डोळ्यांनी दाबतो, तिलाही जन्मकथा आहे. आणि मौज अशी की, तिचा जन्म दातांसाठी झालाच नाही. ती जन्मली चित्रकारांच्या एका जुन्या त्रासातून.

हा त्रास समजण्यासाठी तैलरंग म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. रंगाची पूड जवसाच्या किंवा तशाच एखाद्या तेलात घोटून केलेला लगदा म्हणजे तैलरंग. हे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि आळत आळत शेवटी त्याची चिवट साय बनते. चित्रावर हे घडावे हे इष्टच. पण भांड्यातल्या भांड्यात घडले की रंग फुकट गेला. म्हणून पूर्वीच्या चित्रशाळांत उमेदवार शिष्य पाट्या-वरवंट्यासारख्या दगडांवर लागेल तेवढाच रंग घोटून देत. पुढे तयार रंग विकणारे दुकानदार निघाले, तेव्हा त्यांनी साठवणीसाठी डुकराचे मूत्राशय पसंत केले. त्या पिशवीत रंग भरायचा, तोंड दोऱ्याने करकचून आवळायचे, काम पडले की चुकेने भोक पाडून हवा तेवढा पिळून घ्यायचा आणि तीच चूक बुचासारखी परत खोचायची. भोक कधी पुरते बुजत नसे. आत हवा शिरे, रंग आळे. आणि प्रवासात पिशवी फुटली तर सामानसुमान सारे रंगून निघे. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे प्रसिद्ध तैलचित्र काढणारा जेम्स वेल्स १७९२ साली पुण्यात होता, तो काळ हाच. त्या चित्रातला नानांचा चेहरा आपण न्याहाळतो. ज्यात रंग ठेवावे असे धड भांडेही जगात नव्हते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

पिशवीला पर्याय म्हणून पिचकाऱ्या निघाल्या. १८३२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या विन्सर अँड न्यूटन या पेढीने १८४० च्या सुमारास काचेची पिचकारी बाजारात आणली. आपल्या घरच्या चकलीच्या सोऱ्याची ही विलायती बहीणच म्हणावयाची. कठीण नळकांडे, मागून दट्ट्या, पुढे भोक. सोऱ्याचे काम चोख होते, कारण पीठ भरले की ते घटकाभरात संपते आणि सोऱ्या धुऊन फळीवर जातो. रंगाला मात्र महिनेच्या महिने आत राहायचे असते. दट्ट्या आणि भिंत यांच्या फटीत तो शिरला व वाळला की दट्ट्या हलेनासा होतो. फट सैल ठेवावी तर तीतून हवा शिरते. काच फुटण्याचे भय ते निराळेच.

या अडचणीशी जॉन गॉफ रँड याची गाठ पडली. १८०१ साली अमेरिकेतील न्यू हँपशायरमध्ये जन्मलेला हा गृहस्थ पोटासाठी लोकांची व्यक्तिचित्रे काढीत असे आणि त्यासाठीच लंडनला येऊन राहिला होता. ११ सप्टेंबर १८४१ रोजी अमेरिकन सरकारने त्याला २२५२ क्रमांकाचे पेटंट दिले. रँडने काय केले? त्याने दट्ट्याच काढून टाकला. भांड्याची भिंतच इतकी पातळ आणि मऊ केली की, बोटाने दाबताच ती आत बसावी आणि बसली की बसलेलीच राहावी. आमच्या मते सारी कल्पकता या शेवटच्या चार शब्दांत आहे. रबराची पिशवी दाब सुटताच पुन्हा फुगते, आणि फुगताना हवा आत ओढते. कथील फुगत नाही. जेवढा रंग बाहेर गेला तेवढे भांडेच लहान झाले. हवेला शिरायला जागा उरली नाही. शिवाय कथील गंजत नाही व तेलाशी त्याचे वैर नाही. लवकरच तोंडाशी आट्यांची टोपी आली आणि चुकेचे राज्य संपले.

आणखी एक गोष्ट रँडच्या पथ्यावर पडली. नळी उघडी ठेवून उलटी धरली तरी रंग भळभळा सांडत नाही. असा लगदा विशिष्ट जोर लागेपर्यंत घनासारखा ठाम राहतो व त्यापलीकडे द्रवासारखा वाहू लागतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ युजीन बिंगहॅम व त्याचा सहकारी हेन्री ग्रीन यांनी १९१९ साली रंगाविषयी नेमके हेच प्रतिपादन केले. कारागिराच्या हाताला जे कळले होते, ते शास्त्राच्या भाषेत यायला पाऊणशे वर्षे लागली!

आता परिणामांकडे वळू. नळीतले रंग नसते तर मोने, सेझान यांची नवी चित्रकलाच झाली नसती, अशा अर्थाचे उद्गार चित्रकार रन्वारच्या तोंडी त्याच्या मुलाने घातले आहेत. आम्हांला हे अंमळ अतिशयोक्त वाटते. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल याने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडच्या टेकडीवर उघड्यावर बसून तैलरंगांत ढग रंगविले, तेव्हा नळी कोठे होती? आणि पॅरिसच्या चित्रकारांना नदीकाठी नेऊन सोडणाऱ्या आगगाडीचे श्रेय कोणी द्यायचे? पण पूर्वी हिकमती माणसाला जमे ते नळीने कोणालाही जमू लागले, एवढे निश्चित. रँड १८७३ साली वारला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये या नव्या पंथाचे पहिले प्रदर्शन भरले.

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. भांड्याने आतला पदार्थही बदलला. नळीत महिनोन् महिने राहायचे तर तेल व पूड वेगळी होता कामा नयेत. म्हणून कारखानदार रंगात मेण वगैरे घालू लागले. रंग लोण्यासारखा झाला, ब्रशचा ओरखडा जसाच्या तसा धरू लागला. व्हॅन गॉगच्या चित्रांतले जाड, उठावदार फटकारे या लोण्याचे आहेत. काही ठिकाणी तर त्याने रंग नळीतून थेट कापडावर पिळला आहे. मात्र आपला रंग आपण घोटणाऱ्याला त्यात काय आहे हे ठाऊक असे. नळी विकत घेणाऱ्याला दुकानदारावर विसंबावे लागे. व्हॅन गॉग आपल्या भावाकडे, थिओकडे, पत्रांतून रंगांच्या याद्या पाठवी. हे नवे रंग टिकाऊ नाहीत हे तो जाणून होता. १८८८ साली त्याने लिहिलेही की, काळ त्यांना फिके करणारच, तेव्हा ते धीटपणे भडक लावावेत. त्याच्या प्रसिद्ध शयनगृहाच्या भिंती त्याने पत्रात जांभळट सांगितल्या आहेत. आज त्या निळ्या दिसतात, कारण त्यांतला तांबडा रंग विटून गेला. १८९० साली काढलेले गुलाबी गुलाब असेच पांढरे पडले आहेत. सोय झाली, तिची किंमत अशी चित्रांनी चुकविली.

दातांकडे नळी वळली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. कोलगेटची दंतपेस्ट १८७३ पासून बरणीत मिळत असे. १८९६ साली ती नळीत आली. घरातल्या सर्वांनी एकाच बरणीत ब्रश बुडविण्याची किळसवाणी रीत त्यामुळे सुटली. १९४२ साली जपानने मलाया जिंकला आणि तिथल्या कथलाचा पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिकेत जुनी नळी परत दिल्याखेरीज नवी मिळेना. राजकारण न्हाणीघरात शिरते ते असे. पुढे ॲल्युमिनियम आले, आणि १९७० नंतर प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवलेल्या नळ्या. १९८२ साली स्थापन झालेल्या एका भारतीय कंपनीने ठाणे जिल्ह्यातील वाशिंद येथे अशा नळ्या बनविल्या. त्या दाबल्यावर थोड्या फुगतात आणि हवा आत घेतात. दंतपेस्टचे त्याने फारसे बिघडत नाही. जवसाच्या तेलाचे बिघडते. म्हणून तैलरंग आजही बहुधा धातूच्याच नळीत विकले जातात.