मुंबईची ट्राम

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली; कुलाबा ते पायधुणी हा तिचा एक मार्ग. भाडे आरंभी तीन आणे होते, पुढे ते दोन आण्यांवर आले. ७ मे १९०७ पासून ट्राम विजेवर धावू लागली. गर्दी वाढली, तेव्हा १९२० साली दुमजली डबे आले. अल्प मिळकतीच्या माणसाला दूरची चाकरी तिच्यामुळे परवडली. परंतु रूळ सोडून बाजूला होणे तिला शक्य नव्हते. मोटारींच्या वर्दळीत तोच तिचा अपराध ठरला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली. निरोप द्यायला माणसे रस्त्याच्या दुतर्फा उभी होती. रूळ गेले, ‘दादर टी. टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.