हरवलेली किल्ली : पोथीची आणि मोबाइलची

तुमच्या गावात असं एखादं घर असेलच, जिथं मोबाइल धडधाकट आहे, पण उघडत नाही. आजोबांनी नवा आकडा ठेवला आणि विसरले. मग घरातला जो तो बोटं चालवून पाहतो. पाच-सहा वेळा चुकलं की फोन म्हणतो, थांबा. पुन्हा चुकलं की आणखी थांबा.

कुलूप आहे, किल्ली नाही, हा प्रकार आपल्या मुलखाला नवा नव्हे. गेवराई तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचं मोठं तीर्थ. या पंथाचा 'लीळाचरित्र' हा तेराव्या शतकातला ग्रंथ म्हणजे मराठी गद्याचा आरंभीचा ठेवा. परंतु हे ग्रंथ अपात्र हाती पडू नयेत म्हणून चौदाव्या शतकापासून पंथाने ते सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशी त्यांची नावं. सकळ लिपीत युक्ती साधी होती : एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर लिहायचं. पोथी हाती आली तरी परक्याला ती निव्वळ अक्षरांची खिचडी!

परिणाम असा झाला, की मराठी वाङ्मयाचं हे दालन पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं बंद राहिलं. गंमत पाहा, पंथ पंजाबात, पार काबूलपर्यंत पसरला होता. तिकडच्या मठांत या मराठी पोथ्या वाचल्या जात, आणि इकडे पंडितांना त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, पंथातल्या महंतांनीही पुढे पोथ्या दाखवल्या, आणि कुलूप निघालं.

ते निघालं कशामुळे? एक तर किल्ली जाणणारी माणसं जिवंत होती. दुसरं, पोथी कुणाला 'थांबा' म्हणत नाही. अभ्यासकाने हजार वेळा चुकावं, ती तशीच उघडी पडून राहते. मोबाइलचं कुलूप नेमकं याच्या उलट घडवलं आहे. चार आकड्यांच्या जोड्या होतात १०,०००. पाच सेकंदांना एक करून पाहिली, तर चिकाटीचा चोर चौदा तासांत सगळ्या संपवील. म्हणून फोन चिकाटीलाच शिक्षा करतो. आयफोनला तशी आज्ञा देऊन ठेवली असेल, तर दहाव्या चुकीला तो आतलं सारं पुसून टाकतो.

पूर्वी एक मागचं दार होतं. अँड्रॉइडच्या ४.४ आवृत्तीपर्यंत नक्षी विसरली तर गूगल खात्याचा शब्द देऊन आत जाता येई. पुढे ते दार बंद झालं. २०१४ साली ॲपलनेही सांगितलं, की नव्या व्यवस्थेत ग्राहकाचा बंद फोन आम्हालाही उघडता येणार नाही. तेव्हा 'कंपनीत दिला की उघडून मिळतो' या बोलण्यावर भिस्त ठेवू नका. कंपनी फोन कोरा करून देते. फोन परत मिळतो, आतलं मिळत नाही. फोटो वगैरे आधी खात्यात साठवले असतील तेवढे मात्र परत येतात.

आणि कोरा केलेला फोनही लगेच चालत नाही. २०१५ पासून अँड्रॉइड फोन असा जबरीने कोरा केला, की जुनं गूगल खातं विचारतो. चोरासाठी ही सोय चोखच आहे. पण आपल्याकडे ते खातं काढलेलं असतं दुकानदाराने, फोन विकताना, घाईघाईत. दिवाळीनंतर माणूस ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे जातो, मुकादमाच्या उचलीचा हिशोब आणि मुलांचे फोटो त्या फोनमध्ये, आणि खात्याचा शब्द बीडच्या दुकानात, तोही दुकानदाराला आठवत असला तर!

शिक्षकांनी एवढं करावं. गावातली माणसं बाहेर पडण्याआधी एका संध्याकाळी शाळेत बसवून प्रत्येकाला फोनमधलं खातं कोणत्या नावाचं आहे ते दाखवावं, शब्द नवा ठेवायला लावावा, त्या खात्याला घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर जोडून द्यावा. तो शब्द मात्र ज्याचा त्यानेच लिहावा, आणि कागद घरी सात-बाराच्या पिशवीत ठेवावा.